जांभळ्या काठाची चिठ्ठी

त्या आखाती देशात आमचा रविवार शुक्रवारी यायचा. साप्ताहिक सुट्टी शुक्रवारची, म्हणून रविवारची मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासनाही शुक्रवारीच, आणि तीही एक नव्हे, पहाटेपासून संध्याकाळपर्यंत दहा-बारा. मल्याळम संपली की तमिळ, मग कोकणी, मग तगालोग, सिंहली, इंग्रजी. चर्चवर बाहेरून क्रूस नव्हता आणि घंटा वाजवत नसत. रस्त्याने जाणाऱ्याला ती एखाद्या गोदामाची भिंत वाटली असती. लोखंडी गेटातून आत गेलं की मात्र पाय ठेवायला जागा नसायची. ड्रायव्हर, नर्स, वेल्डर, घरकामाच्या बाया, सगळे जपून ठेवलेला इस्त्रीचा जोड घालून आलेले. आमच्या पेणमध्ये ख्रिस्ती घरं बोटांवर मोजावीत इतकी. नाताळात शेजारी अजूनही विचारतात, तुमच्यात गोड काय करतात. त्यामुळे पहिल्या शुक्रवारी ती गर्दी बघून मी बराच वेळ भिंतीला टेकून उभी होते.

मी तिथे दोन वर्षं होते. माझी आत्या तिथल्या इस्पितळात नर्स आहे. तिच्या ओळखीने मला एका शाळेच्या ऑफिसात काम मिळालं आणि राहायला तिच्याच फ्लॅटमधली लहान खोली. मी आपणहून कुठे जाणार नाही, कोणाशी बोलणार नाही, हे आत्याला महिन्याभरात कळलं. तिने मला चर्चच्या चिठ्ठ्यांच्या टेबलावर नेऊन बसवलं. इथे बोलायचं कमी आणि लिहायचं जास्त, तुला जमेल, असं म्हणाली.

टेबल आवारात, पत्र्याच्या शेडखाली होतं. मिस्सेआधी लोक यायचे आणि ज्यांच्यासाठी प्रार्थना व्हायला हवी त्यांची नावं द्यायचे. कागद दोन प्रकारचे. साधा पांढरा जिवंत माणसांसाठी: आजारपण, परीक्षा, बाळंतपण, अडकलेला व्हिसा. जांभळ्या काठाचा मेलेल्यांसाठी. आम्ही नाव इंग्रजीत लिहायचं, दोन गठ्ठे वेगळे करायचे आणि मिस्सा सुरू होण्याआधी वाचणाऱ्याकडे द्यायचे. तो आधी पांढरे वाचायचा. मग थांबायचा, लोक माना खाली घालायचे, आणि तो जांभळे वाचायचा. नाव कोणत्या धर्माचं आहे हे कोणी बघत नसे. बरेच हिंदूही यायचे. ज्या घरांत कामाच्या बायांना दुसरीकडे कुठेच सोडत नसत, तिथेही ‘चर्च’ म्हटलं की दोन तास मिळायचे.

मी जिला मावशी म्हणायचे ती अशीच यायची. ती रोह्याच्या पुढची, कुंडलिका नदीपलीकडच्या एका भातशेतीच्या गावची. पंचेचाळीसच्या आसपासची, नवरा नाही, मूल नाही. मागे म्हातारी आई, भाऊ आणि भावाची मुलगी. ज्या घरी ती कामाला होती तिथे एक फिलिपिनो बाईही होती. तिच्यामुळे मावशीला शुक्रवारी बाहेर पडता यायचं. घरचा ड्रायव्हर दोघींना गेटवर सोडायचा आणि मिस्सा संपली की थोड्या वेळात हॉर्न वाजवायचा.

तिने मला पकडलं ते फोनवर. मी शेडमागे उभी राहून आईशी हळू आवाजात बोलत होते, आणि मागून कोणीतरी म्हणालं, “गो, तू आमच्यातली हायस की!” मी दचकले. तोवर चर्चमध्ये मला सगळे मुंबईची समजत. कोणी विचारलंच तर मी ‘निअर बॉम्बे’ एवढंच सांगायचे. पेण म्हटलं की पुढचे प्रश्न येतात, आणि पुढचे प्रश्न मला नको असायचे. शिवाय माझी सगळी शाळा इंग्रजी माध्यमात झाली. वर्गात तोंडून मराठी निघालं की बाई रागवायच्या नाहीत, नुसत्या बघायच्या. ते बघणं माझ्या अंगात राहिलं होतं. चार लोकांत मराठी बोलायची वेळ आली की अजूनही माझा आवाज अर्ध्यावर येतो.

मावशीला यातलं काही माहीत असायचं कारण नव्हतं. ती दर शुक्रवारी टेबलाशी येऊन मोठ्याने गावच्या बोलीत सुरू व्हायची. रांगेतल्यांना सांगायची की ही माझ्या गावची पोरगी. मी इंग्रजीत किंवा तुटक हिंदीत उत्तर दिलं की म्हणायची, “तोंडात काय सुपारी धरलीस काय गो माडम?” सगळे हसायचे, न समजताही. मी मान खाली घालून लिहीत राहायचे.

तरीही मिस्सा संपल्यावर ती माझी वाट बघायची. तिच्याकडे फोन नव्हता. मालकिणीने पहिल्याच वर्षी तो काढून घेतला होता. मग दर शुक्रवारी, हॉर्न वाजेपर्यंतच्या पाच-सात मिनिटांत, माझ्या फोनवरून ती भावाला व्हिडिओ कॉल लावायची. पडद्यावर म्हातारी यायची, नाकाच्या अगदी जवळ फोन धरलेली, त्यामुळे आम्हाला तिचं कपाळच दिसायचं. भावाला मावशीने माझाच नंबर देऊन ठेवला होता. काही झालं तर या पोरीला कळवा, ती मला सांगल. मी हो म्हटलं होतं. तेव्हा ते सोपं वाटलं होतं.

दुसऱ्या वर्षीच्या मे महिन्यात म्हातारी अंगणात पडली आणि तिच्या खुब्याचं हाड मोडलं. भावाचा बोललेला निरोप माझ्या फोनवर आला होता; तो ऐकून मावशीने एका शुक्रवारी मला सगळं सांगितलं. कशी पडली, कोणी उचललं, अलिबागला नेलं, येत्या शुक्रवारी ऑपरेशन करायचं ठरतंय. तेव्हा टेबलापाशी गर्दी होती आणि आमच्या टेबलाच्या प्रमुख बाई माझ्या शेजारीच बसल्या होत्या. मावशी बोलत होती आणि मी ‘हं, हं’ करत पुढच्या माणसाचं नाव लिहीत होते. ती लवकर थांबावी एवढंच माझ्या मनात होतं. त्याच वेळी तिने हेही सांगितलं की यंदा तिची घरी जायची पाळी आहे. घरातल्या दोघींपैकी वर्षाला एकीलाच सुट्टी मिळायची. जूनच्या शेवटच्या आठवड्यात मावशी दोन वर्षांनी आईकडे जाणार होती. मी तेही अर्धवट ऐकलं.

त्याच्या पुढच्या शुक्रवारी ती आली तेव्हा तिचे डोळे सुजलेले होते. नेहमीची थट्टा नाही. तिने टेबलावर दोन्ही हात ठेवले आणि म्हणाली, आयचं नाव वाचायला सांग. मी विचारलं नाही की कशासाठी. विचारायला हवं होतं, ते आमचं कामच होतं. पण विचारलं असतं तर तिने उत्तर दिलं असतं, मोठ्याने, मराठीत, रांग खोळंबवून. रडत येणाऱ्या बाया बहुतेक गेलेल्या माणसासाठीच यायच्या. वर जांभळ्या काठाचे कागद होते. मी एक ओढला, म्हातारीचं नाव लिहिलं आणि गठ्ठ्यात ठेवला. मावशीला वाचता येत नव्हतं. तिने त्या कागदाकडे बघून हात जोडले.

मी मिस्सेला आत गेले नाही, टेबलावरच होते. मिस्सा संपली, लोक बाहेर आले आणि गर्दीत मला मावशी दिसली. ती आवाराच्या पलीकडच्या टोकाला उभी होती, पदर तोंडात धरून. फिलिपिनो बाईने तिला खांद्याला धरलं होतं. मावशी माझ्याकडे बघत होती. बोलावत नव्हती, नुसती बघत होती. एखाद्या प्रश्नाचं उत्तर समोरच्याच्या तोंडावर शोधावं तशी. माझ्या मनात आलं, आता ही इथे येऊन सगळ्यांसमोर रडणार. मी मान खाली घातली. पुन्हा वर बघितलं तेव्हा गेटवर हॉर्न वाजत होता आणि ती गेली होती. त्या दिवशी ती फोन करायला आली नाही. मला सुटल्यासारखं वाटलं होतं, हेही लिहून टाकते.

दुपारी घरी येऊन फोन चालू केला. मावशीच्या भावाचा मेसेज होता, सकाळचा. ऑपरेशन व्यवस्थित झालं, आय शुद्धीवर आली, चहा प्याली, ताईला सांगा. खाली फोटो होता. इस्पितळाच्या खाटेवर म्हातारी, हातात कप.

तो कप बघता बघता मला जांभळा काठ आठवला.

मी स्वतःची समजूत घालत बसले. मावशीला इंग्रजी येत नाही. दोन याद्या असतात हे तिला माहीत नसेल. तिला फक्त आईचं नाव ऐकू आलं असेल आणि म्हणून ती रडली असेल. पुढच्या शुक्रवारी मी तिला फोटो दाखवीन आणि ती मला पुन्हा माडम म्हणेल. पण मला हेही ठाऊक होतं की तिच्या शेजारी बसलेल्या बाईला इंग्रजी येतं. मावशीने अडीअडचणीसाठी मालकिणीच्या घरचा नंबर फिलिपिनो बाईकडून एका कागदावर लिहवून मला आणून दिला होता. मी तो तीनदा लावला. दोनदा उचलण्याआधीच कापला. तिसऱ्यांदा एका पुरुषाने अरबीत काहीतरी विचारलं. मी फोन ठेवला. आत्या शेजारच्या खोलीत होती. तिला अरबी येत होतं. तिने दोन मिनिटांत निरोप दिला असता. पण तिला सांगायचं म्हणजे चूक सांगायची. मी स्वयंपाकघरात गेले आणि भांडी घासली.

पुढच्या शुक्रवारी मावशी आली नाही. फिलिपिनो बाईही आली नाही. घरात पाहुणे असतील असं मी ठरवून टाकलं. त्या आठवड्यात मी पुन्हा फोन लावला नाही.

त्याच्याही पुढच्या शुक्रवारी ती आली. अंगाने उतरलेली, डोक्यावरून पदर घेतलेली. रांगेत न थांबता सरळ माझ्यापाशी आली. पहिल्यांदाच हळू बोलली. म्हणाली, “तुला तोंडावर सांगवलं नाय ना गो? म्हणून देवाच्या घरात वाचून दाखवलंस. मला कळलं तेव्हाच, तू मान खाली घातलीस तेव्हा.”

बाकीचं मी तिच्या तोंडून तुकड्या-तुकड्याने ऐकलं. त्या दिवशी फिलिपिनो बाईने तिला विचारलं होतं, तुझी आई गेली का, आता गेलेल्यांत नाव घेतलं. भावाने मला कळवलं असणार, आणि मी तिला सांगायला धजत नसणार, असा मावशीने अर्थ लावला. तिने मला बरोबर ओळखलं होतं. मी तशीच आहे, फक्त त्या दिवशी सांगायला काही नव्हतं. घरात फोन मागायची सोय नव्हती, त्यामुळे भावाला विचारता आलं नाही; ती घरी जाऊन सुतक पाळत राहिली. सुतकात देवळात जायचं नाही, म्हणून मधल्या शुक्रवारी ती चर्चमध्ये आली नाही, आणि तिच्यासोबत फिलिपिनो बाईही घरीच राहिली. जिथे येऊन तिला खरं कळलं असतं, तिथेच ती आली नाही.

दहाव्या दिवशी तिने डोक्यावरून आंघोळ केली, भाताचा गोळा घेतला आणि गच्चीवर जाऊन कठड्यावर ठेवला. बाईने करायचं नसतं, पण इथं कोण बघतंय, असं म्हणाली. तिथल्या उन्हात कावळा कुठून येणार? पाण्याच्या टाक्या आणि डिश अँटेना. ती तासभर हात जोडून उभी होती. कावळा शिवत नाही म्हणजे आईचा जीव कशात तरी अडकला आहे. कशात, ते ओळखून शब्द द्यायचा असतो. तिने एकेक करून शब्द दिले. शेवटी म्हणाली, भावाची पोर नर्सिंगला गेली हाय, तिचं शिक्षण पुरं होईस्तोवर मी येत नाय, मागं बघत नाय. तेव्हा एक पारवा येऊन चोच मारून गेला. तिने तेवढ्यावर समाधान मानलं. खाली येऊन मालकिणीला सांगितलं की या वर्षी मला जायचं नाही, माझी पाळी दुसरीला द्या. दोनच दिवसांत फिलिपिनो बाईचं तिकीट निघालं.

हे सगळं ती मला रांगेसमोर सांगत होती, आणि मी मधेच म्हणाले, “मावशी, आई आहे.”

तिला समजलं नाही. मी फोन काढून तो फोटो दाखवला, तो कप. मग म्हणाले, चिठ्ठी चुकीच्या कागदावर मी लिहिली. ती फोटोकडे बघत राहिली. मग हसली, इतक्या मोठ्याने की प्रमुख बाई उठून उभ्या राहिल्या. मग टेबलाला धरून खाली बसली. आम्ही भावाला कॉल लावला आणि म्हातारीचं कपाळ पडद्यावर आलं. मावशी तिला सारखं एकच विचारत होती, काय जेवलीस. फोन ठेवल्यावर मला म्हणाली, “तिला सांगू नको हां, मी तिचं दहावं घातलं म्हणून. खचल म्हातारी.”

मी मालकिणीला इंग्रजीत पत्र लिहिलं. आत्याने ते अरबीत केलं. तेव्हा तिला सगळं सांगावंच लागलं. आत्या रागावली नाही. फक्त म्हणाली की मी घरातच होते गं दोन्ही आठवडे. मालकीण वाईट बाई नव्हती. तिने मावशीला बोलावून सांगितलं की दुसरीचं तिकीट झालं आहे, तिच्या मुलांना कळवून झालं आहे, आता पुढच्या जूनला तू जा. तोवर आई बरी होईल. मावशीने मला हे सांगताना एकदाही वाकडा शब्द काढला नाही. नंतर ती टेबलाशी यायची, थट्टाही करायची, पण नाव देण्याआधी कागदाचा काठ बघायची. मग मीच दोन्ही कागद समोर धरून विचारू लागले, मोठ्याने, मराठीत. उशिरा आलेलं शहाणपण.

डिसेंबरात माझा करार संपला. निघताना मावशीने आईसाठी एक पिशवी दिली. मऊ ब्लँकेट, खजूर, गुडघ्याला लावायचं तेल. पेणला आले, नाताळ झाला, आणि पिशवी कपाटात राहिली. रोहा पेणहून किती लांब? गाडीने तासाभराचाही रस्ता नाही. तरी मी जानेवारी अर्धा घालवला. मग एका सकाळी गेले. कासू, नागोठणे, रोहा. स्टेशनवरून सहा आसनी रिक्षा, मग पूल, मग शेतांमधला रस्ता. भात केव्हाच निघालं होतं आणि त्या जागी वाल होते, शेंगा धरलेले.

म्हातारी पडवीत बसून मोड आलेले वाल सोलत होती. काठी बाजूला. मी कोण ते सांगितल्यावर तिने ओल्या हाताने माझा चेहरा चाचपला. भाऊ कामावर गेला होता, डोलवीच्या कारखान्यात, शिफ्टला. त्यामुळे आम्ही दोघीच. तिने ब्लँकेट गालाला लावून बघितलं. मी तिच्यासमोर बसून वाल सोलू लागले, कारण हाताला काम असलं की माझं न बोलणं कमी दिसतं.

सोलता सोलता ती म्हणाली, “गेल्या साली तिची पाळी होती म्हनं यायची. तिनंच दुसरीला दिली. तिला तिथंच बरं वाटत असल, नाय काय?”

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. तिने स्वतःची समजूत आधीच घातली होती आणि मी फक्त मान हलवायची होती. दहाव्याचं सांगू नको, असं मावशी म्हणाली होती. पण माझ्याकडून चूक झाली, तिचा दोष नाही, एवढं सांगू नको असं ती कधीच म्हणाली नव्हती. ते एक वाक्य दहाव्याचा शब्दही न काढता सांगता आलं असतं. आजी, माझ्यामुळे तिची सुट्टी गेली. चार-पाच शब्द. मी वालाचं साल काढलं आणि म्हणाले, जूनमध्ये येणार आहे ती, नक्की. म्हातारी म्हणाली, येल तर येल. निघताना तिने मला किलोभर वाल बांधून दिले. अर्धे तुझ्या आईला, अर्धे कोणी जाणारं असेल तर तिला पाठव. मी स्टेशनवर गाडीची वाट बघताना ठरवलं की पुढच्या खेपेला सांगायचं.

पुढची खेप झाली नाही. एप्रिलमध्ये एका दुपारी मावशीच्या भावाचा मेसेज आला. नंबर अजून माझाच होता त्याच्याकडे. आय सकाळी गेली. ताईला सांगा.

मी तो पाच मिनिटं हातात धरून बसले होते, जास्त नाही. मग मालकिणीच्या घरचा नंबर लावला. यावेळीही पुरुषानेच उचलला. मी इंग्रजीत सांगितलं, पुन्हा सांगितलं, मावशीचं नाव घेतलं, आणि थांबून राहिले. पलीकडे कोणीतरी चालत गेल्याचा आवाज आला, मग मावशीचा श्वास. मी म्हणाले, मावशी, आई गेली. आज सकाळी.  मग तिने विचारलं, “पांढऱ्यावर लिहिलंयस का जांभळ्यावर?” मी पुन्हा तेच म्हणाले, आज सकाळी. ती म्हणाली, बरं, कळलं.

मालकिणीने काढून घेतलेला फोन तिला दहाव्यापर्यंत जवळ ठेवू दिला. तिकीट लगेच मिळणार नव्हतं, आणि मिळून आता उपयोग काय, असं मावशीच म्हणाली. एकच गोष्ट तिने मागितली. दहाव्याला नदीवर मी जावं आणि फोन धरावा. भाऊ म्हणाला की बायका येत नाहीत घाटावर, पोरगा धरील कोणीतरी. मावशीने त्याला सांगितलं, तीच धरल. ती चुकते, पण खोटं नाय सांगत.

मी गेले. कुंडलिकेच्या काठी, रोह्याला. ऊन चढलं होतं आणि पाणी आटलेलं, दगड उघडे पडलेले. भावाने डोकं भादरलेलं. भटजींनी पिंड मांडला आणि सगळे मागे सरकले. मी सगळ्यांच्या मागे, एका दगडावर, फोन छातीशी धरून. पडद्यावर मावशी तिच्या गच्चीत उभी होती, त्याच कठड्यापाशी बहुतेक.

कावळे होते. पिंपळावर चार-पाच बसलेले. एक खाली आला, पिंडापर्यंत चालत गेला, आणि मागे फिरला. भाऊ हात जोडून म्हणाला, पोरीचं नर्सिंग पुरं करीन. काही नाही. म्हणाला, ताईला अंतर देणार नाय, घरात तिचा वाटा तिचाच. काही नाही. एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, तिचा जीव लेकीत अडकला असेल, लेक आली नाय ना. सगळे माझ्या हातातल्या फोनकडे बघू लागले. भावाने मला विचारलं, ताईच्या वतीनं तुम्हाला काही बोलायचं हाय काय? पंधरा-वीस माणसं, सगळी माझ्याकडे वळलेली. जे बोलायचं होतं ते माझ्या जिभेवर होतं, जानेवारीपासून. मी म्हणाले, नाही.

अजून थोडा वेळ वाट बघून भटजींनी दर्भाचा कावळा केला आणि पिंडाला लावला. लोक पाण्याकडे गेले, पाय धुवायला.

मावशीने फोनवर विचारलं, “शिवला?”

चित्र मधेच अडकत होतं, तिला नीट दिसलं नसावं. हो म्हणणं किती सोपं होतं. तिला बरं वाटलं असतं आणि मला कोणी विचारलं नसतं.

“नाही, मावशी,” मी म्हणाले. “दर्भाचा केला.”

तिने फोन तोंडाजवळ आणला. मग म्हणाली, “तू बोललीस काय तिच्याशी? का नाय आले मी, ते?”

“नाही.”

“जानेवारीला गेली होतीस तेव्हा?”

“तेव्हाही नाही.”

मला वाटलं ती आता फोन ठेवेल. तिला तेवढा हक्क होता. पण ती म्हणाली, “मंग जा ना गो. अजून हाय ती तिथंच. सांग तिला.”

मी दगडावरून उतरले. वाळू तापलेली होती आणि चपला मी वरच ठेवल्या होत्या. पिंड पानावर तसाच होता, दर्भाची काडी त्याला टेकलेली. मी त्याच्यासमोर उभी राहिले. भाऊ तांब्या भरून वर येत होता, मला बघून थांबला. मागच्या माणसांचं बोलणंही थांबलं. फोन मी समोर धरला, मावशीला ऐकू जावं म्हणून.

“आजी,” मी म्हणाले. आवाज अर्ध्यावर आला. मी पुन्हा म्हणाले, मोठ्याने. “आजी, त्या शुक्रवारी चिठ्ठी मी लिहिली होती.”